एशियाड ८२ आणि कॉमनवेल्थ २०१० ची नाणी जमवायचीत? मग आधी गल्ला उपसा

नाशिक-पुणे प्रवास केलेल्या कुठल्याही माणसाला 'एशियाड' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, सेमी लक्झरी एसटी. पण त्या गाडीला ते नाव का पडलं हे विचारलं तर निम्मे लोक गप्प बसतात. १९८२ साली दिल्लीत नववे एशियन गेम्स झाले, तिथे वापरलेल्या बस नंतर एसटीने घेतल्या आणि नाव चिकटलं ते कायमचंच. त्याच खेळांची नाणीपण निघाली होती, आणि त्यातलं एखादं तुमच्या घरात, आजीच्या डब्यात नाहीतर देवघराच्या ड्रॉवरमध्ये आत्ता पडलेलं असायची बरीच शक्यता आहे.

माझं नाशिकच्या सिडकोत झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. दिवसभर दोन-पाचची नाणी हातातून जातात, त्यातून हा नाद लागला. लोक विचारतात की सुरुवात कशी करू, कुठून घेऊ, खरं-खोटं कसं ओळखू, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतो. मी कुणी एक्स्पर्ट नाही पण चुका भरपूर केल्यात आणि त्या तुम्ही परत करू नयेत एवढंच.

पायरी १ : काय जमवायचं ते आधी ठरवा

नवीन माणूस काय करतो, तर दिसेल ते नाणं घेतो. सहा महिन्यांनी घरात दोन किलो चिल्लर होते आणि बायको विचारते याचं काय करायचं. त्यापेक्षा एकच विषय धरा. भारतात झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय खेळांची नाणी हा विषय मला यासाठी आवडतो की तो छोटा आहे, संपण्यासारखा आहे.

पहिले एशियन गेम्स दिल्लीत १९५१ साली झाले पण त्यांचं नाणं नाहीये, कारण स्वतंत्र भारतात स्मारक नाणी काढायची सुरुवातच १९६४ मध्ये नेहरूंच्या नाण्यापासून झाली. तेव्हा कुणी '५१ चं एशियाडचं नाणं' विकायला आलं तर हात जोडून पुढे व्हा.

१९८२ च्या एशियाडची पाच नाणी आहेत. १० पैसे, २५ पैसे, २ रुपये, १० रुपये आणि १०० रुपये. सगळ्यांवर तोच लोगो, जंतरमंतरचं यंत्र आणि वर सूर्य. (अप्पू हत्ती हा मॅस्कॉट होता, त्याच्यात आणि लोगोत गल्लत करू नका.) यातलं १० पैशाचं ॲल्युमिनिअमचं, हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही. २५ पैसे आणि २ रुपये तांबं-निकेलचे, म्हणजे ज्याला बाजारात क्युप्रो निकेल म्हणतात. १०० रुपयाचं चांदीचं, पण ते शुद्ध चांदीचं नाही, निम्मी चांदी आणि बाकी तांबं, निकेल, जस्त. १० आणि १०० रुपयांची नाणी चलनात आलीच नाहीत, ती संग्राहकांच्या सेटसाठी होती, म्हणून ती गल्ल्यात सापडणार नाहीत, विकतच घ्यावी लागतात.

आणि एक गंमत. आज आपण सहज खर्च करतो ते २ रुपयाचं नाणं स्वतंत्र भारतात पहिल्यांदा १९८२ सालीच आलं. त्या सालची दोन प्रकारची येतात, एक एशियाडचं आणि दुसरं राष्ट्रीय एकात्मतेचं, त्याच्यावर भारताचा नकाशा आहे. लोक '८२ चं दोन रुपये' एवढंच बोलतात आणि विकणारा नकाशावालं हातात टेकवतो. तेही चांगलं नाणं आहे, पण आपल्या विषयातलं नाही.

२०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थची तीन नाणी, २ रुपये, ५ रुपये आणि चांदीचं १०० रुपये. यातली पहिली दोन चलनात आली, माझ्या गल्ल्यात अजूनही अधूनमधून येतात. नाशिककराने निदान ही दोन तरी ठेवावीतच. याच खेळांत आपल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने १०,००० मीटरमध्ये ब्राँझ मिळवलं होतं, ट्रॅकवरच्या वैयक्तिक स्पर्धेत कॉमनवेल्थ पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. माझ्या अल्बममध्ये पाच रुपयांच्या नाण्याखाली मी तेच लिहून ठेवलंय, नुसतं 'निकेल ब्रास, २०१०' लिहिण्यात काय मजा.

म्हणजे एकूण आठ नाणी. बस एवढाच सेट. आठ झाली की मग परदेशाकडे बघा.

पायरी २ : गल्ला, डबे आणि गंगाघाट

पैसे खर्च करायच्या आधी फुकटातलं शोधा. क्रम माझा असा असतो.

आधी घर. आईचा, आजीचा, मावशीचा डबा. लक्ष्मीपूजनाच्या ताटात दरवर्षी तीच नाणी ठेवायची पद्धत असते ना, त्यात जुनी नाणी हमखास निघतात. मला २५ पैशाचं एशियाड असंच मिळालं, मावशीच्या ताटात, हळदीकुंकवाने पार माखलेलं.

मग सुटे. ओळखीचा दुकानदार, पेट्रोल पंपावरचा माणूस, भाजीवाली मावशी, रिक्षावाला दादा, यांना सांगून ठेवा की वेगळं डिझाइन असलेलं दोन-पाचचं नाणं आलं तर बाजूला ठेवा, मी तेवढेच सुटे देतो. सुटे देतो म्हटलं की काम होतं, 'छंद आहे' म्हटलं तर होत नाही. बँकेत ओळख असेल तर थैलीच घ्या, घरी पेपर अंथरून निवडा, उरलेली परत दुकानाच्या गल्ल्यात. मी एका थैलीत तीन कॉमनवेल्थचे दोन रुपये काढलेत, आणि एकदा चार थैल्या उपसून एकपण नाही, तर असं आहे ते.

तिसरं ठिकाण म्हणजे गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) भरणारा बुधवारचा बाजार. तिथे खाली फडकं टाकून जुन्या वस्तू घेऊन बसलेले लोक असतात, कुलपं, घड्याळं, अडकित्ते, आणि एका ताटलीत नाणी. सकाळी लवकर जा. आणि 'एशियाड आहे का' असं विचारू नका, कारण नाव घेतलं की भाव वाढतो. नुसतं ताटलीत बोट फिरवत बसा. तिथल्या एका काकांनी मला एकदा हटकलंच, "दादा, बोट फिरवून फिरवून नाणी झिजवाल, काय पाहिजे ते सांगा की." सांगितलं. "मग एवढा वेळ काय लाजत होता," म्हणाले आणि मागच्या पिशवीतून दोन रुपयाचं काढून दिलं. चाळीस रुपये घेतले. तर नियमाला अपवाद असतात.

रामकुंडावर पोरं दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी काढताना सगळ्यांनी बघितलीत. त्यांच्याकडून घ्यायचा मोह होतो पण ती नाणी पाण्यात राहून खाल्लेली असतात, खड्डे पडलेले, काळी. पण त्या चुंबकाने मला एक गोष्ट शिकवली ती पुढच्या पायरीत येते. पोरांच्या हाती फक्त स्टीलचीच नाणी लागतात, जुनी क्युप्रो निकेलची तळाशी तशीच राहतात.

पायरी ३ : हातातलं नाणं वाचायचं कसं

सामान लागतं ते असं : दहापट मोठं दाखवणारं भिंग (सराफ वापरतात ते), ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्यास मोजायला व्हर्निअर आणि फ्रिजवर लावायचं एक चुंबक. भिंग चांगलं घ्या, बाकी स्वस्तातलं चालतं.

चुंबक लावा. कॉमनवेल्थचं २ रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे आणि ते स्टील चुंबकाला चिकटतं. ५ रुपयाचं निकेल ब्रासचं, पिवळसर, ते चिकटत नाही. एशियाडचं कुठलंच चिकटत नाही. चांदीचं म्हणून दिलेलं १०० रुपयाचं चिकटलं तर पुढे काही बघायची गरजच नाही. उलट चिकटलं नाही म्हणजे चांदी असंही नाही हं, पांढरा धातू बरेच प्रकारचा असतो.

वजन करा. एशियाडचं २ रुपये जवळपास ८ ग्रॅम आणि २८ मिलिमीटर, आजच्या दोन रुपयाच्या शेजारी ठेवलं तर चांगलंच दणकट वाटतं. कॉमनवेल्थचं ५ रुपये ६ ग्रॅम आणि २३ मिलिमीटर. चांदीची दोन्ही १०० रुपयांची ३५ ग्रॅमची आणि ४४ मिलिमीटरची, तळहातावर घेतलं की कळतं. वापरून झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, ते चालतं, पण ३५ च्या जागी २९ भरलं तर ती झीज नाही.

मग मिंट मार्क, म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगणारी खूण. इथे नाशिककरांची एक गोड गैरसमजूत दूर करायला हवी. नाशिकरोडला प्रेस आहे म्हणून माझ्याकडे येणारा प्रत्येक तिसरा माणूस म्हणतो, "आपल्याकडेच बनतात ना ही नाणी?" नाही हो. नाशिकरोडला नोटा छापतात, तिकिटं, पासपोर्ट वगैरे छापतात. नाणी पाडतात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार टांकसाळींत. नाण्यावरच्या सालाच्या खाली भिंगातून बघा. छोटा चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखा आकार असेल तर मुंबई. तारा असेल तर हैदराबाद. गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच नसेल तर कोलकाता.

यातून एक मस्त टेस्ट निघते. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, म्हणजे १९८२ च्या नाण्यावर नोएडाचा ठिपका असूच शकत नाही. दिसला तर एकतर घाण आहे, ओरखडा आहे, नाहीतर कुणीतरी शहाणपणा केलाय. तसंच मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर (संग्राहकांसाठी खास पाडलेली, पुढच्या पायरीत सांगतो) आधी इंग्रजी बी अक्षर असायचं आणि शहराचं नाव बदलल्यानंतर १९९६ पासून एम आलं. म्हणजे १९८२ चं मुंबईचं प्रूफ असेल तर बी, २०१० चं असेल तर एम. कोणी १९८२ चं प्रूफ म्हणून एम असलेलं दाखवलं तर चहा पिऊन घरी या.

पायरी ४ : कंडिशन, आणि मी ९०० रुपये कसे घालवले

नाण्याची किंमत अर्धी तरी कंडिशनवर असते. बाजारात तीन शब्द ऐकाल. चलनातलं म्हणजे वापरलेलं. युएनसी म्हणजे टांकसाळीतून निघून कुणाच्या हाताला न लागलेलं. आणि प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी मुद्दाम पॉलिश केलेल्या ठशांनी पाडलेलं, त्याचा सपाट भाग आरशासारखा असतो आणि उठावाचं चित्र बहुतेक वेळा दुधी, बर्फाळ दिसतं.

मी एकदा ऑनलाइन एका विक्रेत्याकडून '१९८२ एशियाड दोन रुपये प्रूफ' घेतलं. फोटोत झळाळत होतं. नऊशे रुपये दिले. घरी आलं, झळाळतच होतं, दोन दिवस खुशीत होतो, मग ट्यूबलाइटखाली तिरकं धरून हळूहळू फिरवलं तेव्हा पोटात खड्डा पडला.

ही फिरवायची ट्रिक नीट समजून घ्या कारण यावर बरंच काही अवलंबून आहे. खरं युएनसी नाणं एका दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की त्यावर उजेडाचे दोन पट्टे चाकाच्या आरीसारखे फिरतात. ही चमक धातू ठशाखाली दाबला जाताना पसरतो त्यातून येते, ती पृष्ठभागावर अगदी बारीक रेषांच्या रूपात असते आणि एकदा घासली गेली की परत आणता येत नाही. पॉलिश केलेल्या नाण्यावर पट्टे फिरत नाहीत, सगळीकडून सारखंच चकाकतं, स्टीलच्या वाटीसारखं. भिंगातून बघितलं तर एका दिशेने गेलेले केसासारखे ओरखडे. माझ्या नाण्यावर तेच होते, शिवाय जंतरमंतरच्या कडा गोलसर झालेल्या आणि अक्षरांच्या बेचक्यात पांढरी पावडर अडकलेली. चलनातलं झिजलेलं नाणं बफवर घासून प्रूफ म्हणून विकलं होतं. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. ते नाणं मी अजून ठेवलंय, नवीन पोरांना दाखवायला कामी येतं.

तर विकत घेताना एवढं करा. विक्रेत्याकडून छोटा व्हिडिओ मागा, फोटो नाही. एका बाजूने उजेड आणि नाणं फिरवायला सांगा. जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. सेट घेताय तर टांकसाळीचं मूळ पाकीट किंवा डबी आहे का बघा, पण नुसत्या डबीवर भुलू नका, डबी खरी आणि आतलं नाणं बदललेलं असंही होतं.

चांदीच्या १०० रुपयांसाठी आपल्याकडे एक सोय आहे. सराफ बाजारात टंच काढायचं मशीन असतं, नाण्याला ओरखडा न पाडता धातू किती टक्के ते सांगतं. थोडे पैसे घेतात. फक्त आधीच स्पष्ट सांगा की कसोटीवर घासायचं नाही, नाहीतर सवयीने घासून मोकळे होतात. चांदी पन्नास टक्क्यांच्या आसपास यायला हवी. आणि सराफाला ते विकू नका बरं का, तो बिचारा त्याच्या हिशोबाने बरोबरच सांगतो, ३५ ग्रॅमातली साडेसतरा ग्रॅम चांदी आणि तिचा भाव, पण तुमच्यासाठी ते नाणं आहे, मोड नाही.

भारत सरकारच्या टांकसाळी नवीन स्मारक नाण्यांचे सेट ऑनलाइन बुकिंगने विकतात, एसपीएमसीआयएलच्या (टांकसाळी चालवणारी सरकारी कंपनी) वेबसाइटवर. पुढे कधी भारतात मोठे खेळ झाले आणि नाणं निघालं तर थेट तिथूनच घ्या. बुकिंग सुरू झालं की लगेच करायचं, नंतर तेच दलालाकडून चढ्या भावाने घ्यावं लागतं.

पायरी ५ : धुऊ नका. खरंच धुऊ नका

हे वाचून पण निम्मे लोक धुणारच आहेत, मला माहितीये.

मावशीच्या ताटातल्या २५ पैशाचं सांगितलं ना, त्याच्यासोबत एक दोन रुपयाचं एशियाडपण होतं. मी म्हटलं मावशी पुढच्या रविवारी येतो घ्यायला. माउलीने तोपर्यंत दोन रुपयाचं चिंच लावून, वर भांड्यांची पावडर लावून काथ्याने घासून ठेवलं, "तुझ्यासाठी लख्ख केलं रे बाळा." आता काय बोलणार. वरणभात खाल्ला आणि नाणं खिशात टाकून आलो. पंचवीस पैशाचं वाचलं कारण ते तिला सापडलं नव्हतं, ताटाच्या कडेखाली अडकलं होतं.

चिंच, लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा, चांदीला लावतात ती पावडर, काहीही नको. ॲसिड धातूचा वरचा थर खातं आणि पावडर ओरखडे पाडते. ॲल्युमिनिअमचं १० पैसे तर इतकं मऊ की नुसत्या जाड कापडाने पुसलं तरी रेघा उठतात.

हळदीकुंकू, तेल, सेलोटेपचा चिकटा असेल तर काय करायचं : डिस्टिल्ड वॉटरमध्ये (इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते, सीलबंद बाटली घ्या) रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी नवीन पाणी. घासायचं नाही, फक्त हलवायचं. तेलकटपणा गेला नाही तर शुद्ध ॲसिटोनमध्ये पाच-दहा मिनिटं, काचेच्या वाटीत, गॅलरीत बसून, जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको. नेलपॉलिश रिमूव्हर नको कारण त्यात रंग, तेल, सुगंध असतो. मग परत डिस्टिल्ड पाण्यातून काढून टिश्यूवर ठेवा आणि वरून दुसरा टिश्यू टेकवा, पुसू नका. चांदीवर आलेला काळपट-निळसर रंग राहू द्या, जाणकार लोक त्याचे जास्त पैसे देतात.

पायरी ६ : ठेवायचं कुठे

नाशिकची हवा तशी कोरडी, पण जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना वास येतो तेव्हा नाण्यांचंही काही बरं चाललेलं नसतं.

स्वस्त अल्बमची ती मऊ, वास येणारी प्लॅस्टिकची पानं असतात ना, ती पीव्हीसीची असतात. त्यात दोन-तीन वर्षं ठेवलेल्या क्युप्रो निकेलच्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. पुठ्ठ्याचे टू बाय टू होल्डर घ्या, मध्ये पारदर्शक फिल्म असलेले, स्टेपल मारून बंद करायचे. स्टेपलच्या पिना मागून पक्कडीने चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला लागतात. चांदीच्या नाण्याला गोल कडक कॅप्सूल. नाणं कायम कडेने धरा, अंगठा मध्ये टेकवला की घामाचा ठसा काही महिन्यांनी कायमचा उमटतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, दर पावसाळ्याआधी बदला. लाकडी नवीन ड्रॉवरमध्ये ठेवू नका, पॉलिशच्या वाफेने चांदी काळी पडते.

पायरी ७ : आठ झाली, आता परदेश

इथे माणूस वाहवत जातो. ऑलिंपिक म्हटलं की ज्या देशाचा त्या खेळांशी काडीचा संबंध नाही तो देशही नाणी काढतो, रंगीत छपाईची, सोनेरी मुलाम्याची, नुसती विकायला. माझा नियम साधा आहे, ज्या देशात खेळ झाले त्याच देशाचं नाणं घ्यायचं, आणि शक्यतो त्यामागे काहीतरी गोष्ट असावी. माझ्या आवडीची सांगतो.

म्युनिक १९७२. पश्चिम जर्मनीने १० मार्कचं चांदीचं नाणं काढलं, त्यावर लिहिलं 'डॉइचलँडमध्ये'. पूर्व जर्मनीने हरकत घेतली की डॉइचलँड काय तुम्ही एकटेच का. मग पुढच्या नाण्यांवर 'म्युनिकमध्ये' असं केलं. दोन्ही नाणी शेजारी ठेवली की शीतयुद्ध समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. त्यावर डी, एफ, जी, जे अशी टांकसाळींची अक्षरं असतात, चार शहरांची. सहा प्रकार गुणिले चार, म्हणजे चोवीस नाणी. हौस असेल तर.

मॉस्को १९८०. एक रूबलची सहा साधी नाणी, चांदीची नाहीत, त्यामुळे परवडतात. त्यात १९७८ चं क्रेमलिनचं नाणं बघा, मनोऱ्यावरच्या घड्याळात रोमन चारच्या जागी सहा कोरलाय. भिंग लागतं, पण दिसतं. टांकसाळीसारख्या ठिकाणी इतक्या लोकांच्या नजरेखालून ते सुटलं याचं मला दर वेळी समाधान वाटतं, माझ्या झेरॉक्सच्या चुका मग फार मोठ्या वाटत नाहीत.

स्पेन १९८२, फुटबॉल वर्ल्डकप. या नाण्यांवर सगळीकडे १९८० लिहिलेलं असतं आणि नाणं खरं कुठल्या वर्षी पाडलं ते छोट्या ताऱ्याच्या आत ८०, ८१ किंवा ८२ असं असतं. नवीन माणूस एकच नाणं तीनदा घेतलं म्हणून वैतागतो, आणि ती तीन वेगळी निघतात.

लंडन २०१२ ची ५० पेन्सची एकोणतीस डिझाइन आहेत, एकेका खेळाचं एक. फुटबॉलच्या नाण्यावर चक्क ऑफसाइडचा नियम आकृती काढून समजावलाय. त्यात रोइंगपण आहे, ते मी चांदवडकडच्या आपल्या रोइंगवाल्या दत्तू भोकनळसाठी घेतलं. तो खरं तर रिओ २०१६ ला गेला होता, पण रिओच्या एक रियालच्या सोळा नाण्यांत रोइंग नाहीच, मग काय करणार.

परदेशी नाणी थेट तिकडून मागवली तर टपालखर्च नाण्यापेक्षा जास्त होतो. त्यापेक्षा मुंबई-पुण्यात नाण्यांची प्रदर्शनं भरतात तिथे जा, तिथे परदेशी नाण्यांचे ढीग किलोवर निवडता येतात, आणि हातात घेऊन बघता येतं हे महत्त्वाचं.

आणि जवळच जायचं असेल तर त्र्यंबक रोडला अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ रिसर्च इन न्यूमिस्मॅटिक स्टडीज, १९८० पासूनची. तिथे नाण्यांचं म्युझियम आहे. जायच्या आधी फोन करून वेळ विचारा. खेळांच्या नाण्यांसाठी नाही, पण नाणं पाडतात कसं हे डोळ्यांनी बघितलं की पुढे ठसा, झीज, दुहेरी छाप हे सगळं पटकन कळायला लागतं. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या जवळपास दोन तृतीयांशांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला. जिंकल्याची बातमी नाण्यावरून द्यायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे तर.

पायरी ८ : फॉरवर्ड, फसवणूक आणि कायदा

'हे पाच रुपयाचं नाणं असेल तर दहा लाख मिळतील' असा मेसेज महिन्यातून दोनदा येतो. गेल्या महिन्यात एक ताई कॉमनवेल्थचं दोन रुपयाचं घेऊन आल्या, म्हणे ऑनलाइन एकाने सव्वा लाख कबूल केलेत, फक्त आधी रजिस्ट्रेशनचे दोन हजार आणि रिझर्व्ह बँकेचं कमिशन भरायचंय. मी म्हटलं ताई, थांबा. रिझर्व्ह बँक असा कुठलाही व्यवहार करत नाही, कमिशन घेत नाही, आणि तिने २०२१ मध्ये लोकांना याबद्दल जाहीर सावधही केलंय. विकणाऱ्यानेच आधी पैसे भरायचे असा प्रकार कुठल्याही बाजारात नसतो, तुम्ही कांदा विकायला नेता तेव्हा व्यापाऱ्याला आधी पैसे देता का. कॉमनवेल्थची दोन्ही चलनी नाणी भरपूर निघालीत, वापरलेल्याचे फार काही येत नाहीत. ताईंनी ते नाणं मला दोन रुपयाला देऊ केलं. मी वही दिली.

कायद्याचं थोडक्यात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, त्यामुळे एशियाडचे १० आणि २५ पैसे आता फक्त संग्रहाचे. २ रुपये १९८२ चं असलं तरी अजून चलन आहे. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं वितळवणं, कापणं, तोडणं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, तेव्हा दोन रुपयाच्या नाण्याला भोक पाडून किचेन करून देणाऱ्याच्या नादी लागू नका. जुनी नाणी विकत घेणं-देणं, जमवणं यात काही गैर नाही.

पायरी ९ : वही

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आणि मी ते तीन वर्षं टाळलं, आता कुठलं नाणं कुठून आलं ते निम्म्यांचं आठवत नाही. शंभर पानी वही घ्या (माझ्याकडूनच घ्या असं नाही). प्रत्येक नाण्याला एक नंबर, तोच होल्डरवर पेन्सिलीने. मग किंमत, साल, टांकसाळ, वजन, कंडिशन, कुठून, किती रुपयाला, तारीख. मोबाइलवर फोटोही काढा, फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड एका बाजूने, नाणं काळ्या कागदावर.

माझ्या वहीत सातवा नंबर असा आहे : २५ पैसे, १९८२, एशियाड, मिंट मार्क हळदीखाली दिसत नाही, मावशीच्या ताटातून, फुकट. त्यापुढे नंतर दुसऱ्या शाईने : डिस्टिल्ड पाणी दोन रात्री, चौकट दिसला, मुंबई. आठवा नंबर १०० रुपये १९८२, तो रकाना अजून रिकामा आहे, कुणाकडे असेल तर सांगा, फक्त व्हिडिओ पाठवा.